तीन नंबरची बाटली

सदाशिव पेठ, पुणे
१४ डिसेंबर

प्रिय संज्या,

परवा फोन कट झाला. चिमीच्या वाढदिवसाला केमिस्ट्रीची पेटी घेऊ का, असं विचारत होतास ना? तसलीच एक मी गेल्या महिन्यात अप्पा बळवंत चौकातून ओंकारला आणली आणि दोन दिवसांत माळ्यावर टाकली.

खोक्यावर झकास चित्रं, आत आठ बाटल्या. नावं काय, तर 'रसायन १', 'रसायन २'! तीन नंबरमधले निळे खडे मी बघताक्षणी ओळखले. मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट. तू द्राक्षबागेवर बुरशीसाठी बोर्डोचं औषध मारतोस, त्यातलंच. तुझ्या पोत्यावर नाव असतं, फवारून आलास की तू हात धुतोस. आमचा ओंकार म्हणतो, "बाबा, निळी खडीसाखर!" ती पोटात गेली तर उलट्या होतात, जास्त गेली तर मूत्रपिंडावर बेततं. आणि डॉक्टरांना मी काय सांगणार होतो, तीन नंबर खाल्लाय म्हणून?

आपण काही कमी नव्हतो म्हणा. विहिरीत टाकायचं परमँगनेट आणि आईचं ग्लिसरीन, आठवतंय? काहीच होत नाही म्हणून तू वाकून बघायला गेलास आणि भडका उडाला. ते दोन्ही एकत्र आले की जरा वेळानं पेटतात, हे आपल्याला नंतर कळलं, तुझी भुवई गेल्यावर. फुलबाजीनं जळली असं घरी सांगितलं होतंस.

अमेरिकेत तर १९५० साली गिल्बर्ट कंपनीनं मुलांच्या पेटीत युरेनियमचं खनिज दिलं होतं. पण निदान नाव लिहून!

तेव्हा घ्यायचीच असेल तर बाटलीवर रसायनाचं नाव बघ, आणि खोक्यावर आयएसआयची खूण. २०२१ पासून खेळण्यांना ती सक्तीची आहे. स्पिरिटचा दिवा असला तर तू शेजारी बस. आणि हो, संडास धुवायचं अॅसिड नि ब्लीच चिमीच्या हाताला लागतील असे ठेवू नका. दोन्ही एकत्र झाले की क्लोरीन निघतो, त्यापुढे ही पेटी काहीच नाही.

ओंकार सध्या हळदीवर आहे. चुना घातला की लाल, लिंबू पिळलं की परत पिवळी. आमच्या हिचे दोन नॅपकिन कामी आले.

वहिनींना नमस्कार. सोबतचा कोरा कागद फेकू नकोस. ओंकारनं धुण्याच्या सोड्याच्या पाण्यानं लिहिलंय. चिमीला त्यावर हळदीचं पाणी फिरवायला सांग.

तुझा,
विन्या