कळा सोसताना सोबत करणाऱ्यांचे आभार

बाळंतपण आणि मूतखडा, दोन्ही भोगलंय मी; खडाच जास्त छळवादी, हे बिनदिक्कत सांगते. मूत्रवाहिनी जेमतेम ३-४ मिलिमीटर रुंद. तिथे खडा अडकला की मागे लघवी तुंबते, मूत्रपिंडावर ताण येतो आणि कंबरेपासून जांघेपर्यंत कळ उतरते. स्वस्थ पडवतच नाही. रेल्वेच्या डब्यात येरझाऱ्या घालणारी ही बाई वेडी, असंच कुणाला वाटलं असणार!

‘पडून राहा’ न म्हणता माझा हात धरून फेऱ्या मारणाऱ्या ताई, उलटीसाठी पिशवी धरूनही नाक न मुरडणारे दादा, इंजेक्शनआधी ॲलर्जीची आठवणीने चौकशी करणाऱ्या सिस्टर, तुमची नावं विचारण्याइतकं भान नव्हतं. मनापासून आभार. खडा पडला, ५ मिलिमीटरचा. आणि दादा, तुमचा टॉवेल माझ्याकडेच आहे.