शॉकअप मोजू नका, मागचं चाक फिरवून बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एसएसएलसीचा, म्हणजे दहावीचा, निकाल लागला की बेळगावात सायकलींच्या जाहिरातींना ऊत येतो. पुढे शॉकअप, मागे शॉकअप, दोन्ही चाकांना डिस्क, एकवीस गिअर, चार इंची टायर आणि हे सगळं पंधरा हजारांच्या आत. पोरं भुलतात. आई-बापही ‘एवढ्या पैशात एवढं मिळतंय की’ म्हणून खिशात हात घालतात. मी उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये टर्नर, म्हणजे लेथवर काम करणारा, आहे आणि राहायला येळ्ळूरला. कामावर जाणं-येणं सायकलवरच, आणि रविवारी राजहंसगड नाहीतर जांबोटीची वाट. सायकल दुकानाशी माझा देण्याघेण्याचा संबंध नाही. तरी या विषयावर चार शब्द लिहावेसे वाटतात, जागा द्यावी.

आधी आपल्या मुलखात सायकलीला काय सोसावं लागतं ते बघा. खानापूर सोडून जांबोटी-कणकुंबीकडे वळलं की तांबडी माती आणि जांभा दगड. पावसात वरची माती वाहून जाते आणि दगडाची टोकं तेवढी वर राहतात. मलप्रभा उगम पावते तो हा भाग, इथला पाऊस काय चीज आहे ते वेगळं सांगायला नको. उलट बैलहोंगल-सौंदत्तीच्या बाजूला काळी जमीन. एक सर पडली की चिखल टायरला असा चिकटतो की चाक फ्रेममध्ये अडकून बसतं. वर उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी पाणंदीत पाडलेल्या चाकोऱ्या आहेतच. अशा ठिकाणी दणकट हार्डटेलच चालते. हार्डटेल म्हणजे फक्त पुढे शॉकअप आणि मागचा भाग सरळ, घट्ट, बिनसांध्याचा.

मागचा शॉकअप वाईट असतो असं मी म्हणत नाही. लाखाच्या वरच्या सायकलीत तो भारी काम करतो. पण पंधरा हजारांत त्याच्या नावाखाली एक जाड स्प्रिंग आणि सांध्यात बसणाऱ्या नायलॉनच्या बुशा मिळतात. दोन पावसाळ्यांत बुशा झिजतात आणि मागचं चाक आडवं हलायला लागतं. राजहंसगडाच्या चढाला पायडल मारलं की निम्मा जोर स्प्रिंग दाबण्यातच जातो. दोन-अडीच किलो वजन वाढतं ते निराळंच. आणि मुख्य म्हणजे त्या स्प्रिंगचे पैसे कुठून तरी काढावे लागतात. ते काढले जातात चाकातून, चाकाच्या मधल्या भागातून म्हणजे हबमधून, ब्रेकमधून, म्हणजे गिऱ्हाइकाला दिसत नाही तिथून.

खानापूरच्या माझ्या भाच्याला अशीच एक सायकल घरच्यांनी घेऊन दिली. पहिल्याच पावसाळ्यात मागचं चाक ब्रेकला घासायला लागलं. गल्लीतल्या मेस्त्रीने आउट काढला, म्हणजे चाक सरळ केलं, चार दिवसांनी परत तेच. मग त्याने चाक उघडून एक्सल, म्हणजे मधला आस, बाहेर काढला आणि काचेवर गरगर फिरवून दाखवला. “वाकलाय बगा. दुसरा घालतो, पण ह्योबी वाकणार.” दुकानात विचारलं तर उत्तर मिळालं की गॅरंटी फ्रेमची, एक्सलची नाही, आणि रस्ते खराब त्याला आम्ही काय करणार?

मेस्त्री असं का म्हणाला, ते सांगतो. स्वस्त सायकलीत मागची चकली (चेन फिरते ते दातेरी चक्र) हबच्या आट्यावर पिळून बसवलेली असते, तिला फ्रीव्हील म्हणतात. या रचनेत उजवीकडचे छर्रे फ्रीव्हीलच्या आतल्या अंगाला, हबच्या पोटात राहतात. तिथून फ्रेमच्या टोकापर्यंत एक्सलचा तीन-चार सेंटिमीटरचा तुकडा निराधार असतो, आणि त्याची जाडी जेमतेम १० मिलिमीटर. लेथवर लांब जॉब टेलस्टॉकचा, म्हणजे दुसऱ्या टोकाचा, आधार न देता नुसता चकात धरला आणि टूल लावलं, तर टोक लचकणारच. इथे टूलच्या जागी जांभ्याचा दगड आहे आणि वर साठ-सत्तर किलोचा माणूस. दुसऱ्या पद्धतीला कॅसेट म्हणतात. तिच्यात चकल्या फ्रीहब नावाच्या नळकांड्यावर सरकवून बसवतात आणि छर्रे पार बाहेरच्या टोकाला, फ्रेमच्या जवळ येतात. एक्सल तोच, पण आधार योग्य जागी. मला विचाराल तर मध्यम बजेटच्या सायकलीत याहून मोठा फरक नाही.

दुकानात हे ओळखणं सोपं आहे. मागच्या चकल्यांच्या मध्यभागी, एक्सलभोवती, पाना बसायला दाते पाडलेले असतात. चाक स्थिर धरून चकल्या हाताने उलट्या फिरवा. दातेही चकल्यांबरोबर फिरले तर कॅसेट, जागेवर राहिले तर फ्रीव्हील. साधारणपणे मागे सात चकल्या असल्या की बहुधा फ्रीव्हील असतं, आठ-नऊच्या पुढे कॅसेट. पण मोजण्यापेक्षा फिरवून बघितलेलं बरं. मी एका दुकानात हे केलं तर विकणारा पोरगा माझ्याकडे संशयाने बघत होता, नंतर त्यानेच वाकून बघितलं.

भाच्यासाठी दुसरी घ्यायची ठरली तेव्हा हातात पंचवीस ते तीस हजार होते. एवढ्यात सगळं उत्तम मिळत नाही, पण टिकाऊ मिळतं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मॉडेलं दरसाल बदलतात, आणि एकाच नावाच्या सायकलीत यंदा एक हब तर पुढच्या वर्षी दुसराच निघतो. त्यामुळे काय बघितलं तेवढं सांगतो.

पुढचा शॉकअप १०० मिलिमीटर दबणारा असला की आपल्याकडे भागतं. चढाला तो बंद करायची सोय, म्हणजे लॉकआउट, हवीच. दांड्यांचा व्यास बघा. २८ मिलिमीटरच्या दांड्या दगडांत वळवळतात, ३० किंवा ३२ च्या बऱ्या. मी व्हर्निअर (व्यास मोजायचं माप) घेऊनच गेलो होतो, सवय जात नाही! पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे ढकलून बघा. नव्या शॉकअपमध्येच खडखड लागत असेल तर पुढे काय होणार ते कळतं. हवेवर चालणारा शॉकअप हलका आणि चांगला, पण त्याला वेगळा पंप लागतो, आणि या किमतीत त्याचा हट्ट धरला की दुसरीकडे काटकसर होते. स्प्रिंगचा चालेल. हेडट्यूब, म्हणजे हँडलखालची फ्रेमची उभी नळी, खाली रुंद होत गेलेली असेल तर पुढेमागे पैसे आले की चांगला शॉकअप घालता येतो.

ब्रेक डिस्कचेच घ्या. रिमला घासणारे ब्रेक आपल्या तांबड्या चिखलात रिमच खाऊन टाकतात. वायरचे डिस्क की ऑइलचे, यावर पोरांचे वाद चालतात. ऑइलचे ब्रेक एका बोटाने लागतात, शंका नाही. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. शिमानो कंपनीच्या हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या, ब्रेकमध्ये मिनरल ऑइल लागतं. गल्लीतल्या मेस्त्रीने मोटरसायकलचं डॉट ब्रेक ऑइल त्यात ओतलं की आतली रबरं फुगून ब्रेक निकामी होतो, आणि ते नेमकं चोर्ला घाटाच्या उतारावर कळतं. जवळपास जाणकार मेस्त्री नसेल तर वायरचे डिस्क बरे. वायर कुठल्याही खेड्यात मिळते. फक्त त्यांतल्या बहुतेकांचं एकच पॅड सरकतं, त्यामुळे दुसऱ्या बाजूचं पॅड अधूनमधून हाताने पुढे घ्यावं लागतं.

फ्रेम ६०६१ जातीच्या अ‍ॅल्युमिनियमची घेतली. साध्या पोलादी फ्रेमपेक्षा हलकी आणि पावसात गंजत नाही. ‘तुटली तर आपल्या उद्यमबागेत वेल्डिंग करून घेऊ’ असं मात्र समजू नका. टिग वेल्डिंगचे हात आपल्याकडे चांगले आहेत, पण या मिश्रधातूची ताकद उष्णता-प्रक्रियेतून आलेली असते आणि वेल्ड केलं की त्या जागची ती उतरते. पोलादाची गोष्ट वेगळी. २००६-०७ पासून कर्नाटक सरकारने आठवीच्या मुलांना वाटलेल्या साध्या सायकली आजही खेड्यात गवताचे भारे वाहताना दिसतात, त्या अशाच जोडून-जोडून.

गिअरच्या आकड्याला फार किंमत देऊ नका. चढाला सर्वांत हलका गिअर किती हलका पडतो ते बघा, बाकी एकवीस काय नि नऊ काय. टायर सव्वादोन इंची पुरेत. टायर आणि फ्रेमच्या मध्ये अंगठा सहज जायला हवा, नाहीतर काळ्या रानात सायकल खांद्यावर घेऊन यावं लागेल. व्हॉल्व्ह मोटरसायकलसारखा जाडा असला की हवेची चिंता मिटते. फक्त पेट्रोल पंपावरच्या पोराला साठ पाउंड भरू देऊ नका, पस्तीसच्या आसपास पुरे. आणि मापाची सायकल घ्या. दुकानात उभी आहे तीच तुमच्या मापाची, हे विकणाऱ्याचं गणित असतं.

आता एका लहानशा वस्तूबद्दल. मागचा डिरेल्युर, म्हणजे चेन एका चकलीवरून दुसरीवर नेणारा भाग, ज्या चिमुकल्या पट्टीवर टांगलेला असतो तिला हँगर म्हणतात. ती मुद्दाम मऊ केलेली असते. सायकल उजव्या अंगावर पडली तर ती वाकावी आणि महागडा डिरेल्युर वाचावा, हा हेतू. पण तिचे आकार शेकड्याने आहेत, एका सायकलची दुसरीला बसत नाही. भाच्याच्या नव्या सायकलची पट्टी वाकली तेव्हा बेळगावात मिळाली नाही. कोल्हापूरला विचारलं, तिथेही नाही. शेवटी जुनी पट्टी सरळ करून नमुना घेतला आणि जेवणाच्या सुट्टीत अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीतून नवी कापली, कानस मारली. आटा निघाला १० मिलिमीटरचा, पण १ पिचचा, म्हणजे दोन आट्यांतलं अंतर १ मिलिमीटर. आपल्याकडे नेहमीचा टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, दीड पिचचा असतो, एक पिचचा शोधून आणावा लागला. मला हे जमलं कारण हाताशी मशीन आहे. कणकुंबीच्या पोराने काय करावं? म्हणून सायकल घेतानाच एक जादा हँगर घ्या, दोन-चारशे रुपयांची वस्तू आहे.

जाता जाता, नव्या सायकलीच्या जोशात भीमगड अभयारण्याच्या वाटांत विनापरवाना शिरू नका. तो वनखात्याचा मुलूख आहे, आणि अस्वलाला हार्डटेल-बिर्डटेल कळत नाही.

दुकानदार बंधूंना दोन विनंत्या आहेत. प्रत्येक सायकलच्या हँडलला एक चिठ्ठी अडकवा आणि तिच्यावर कॅसेट की फ्रीव्हील, शॉकअपच्या दांडीचा व्यास, ब्रेकचा प्रकार, फ्रेमचा धातू आणि माप लिहा, ‘२१ गिअर’ एवढंच नको. दुसरं, जी मॉडेलं विकता त्यांचे हँगर निदान मृगाच्या आधी दुकानात आणून ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला आहे, तेव्हा तेवढ्या सुटलेल्या पैशात गिऱ्हाईक हँगरही घेईल आणि पक्कं बिलही मागेल. ते बिल कुरकुर न करता द्या, फ्रेमच्या गॅरंटीला तेच लागतं.

आपला,
एक टर्नर, येळ्ळूर