गढूळ पाणी, कडाक्याची थंडी आणि पाईकसाठी ल्यूर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत युरोपातील हौशी मासेमारीवर आलेला लेख वाचला. मराठीत या विषयावर क्वचितच कोणी लिहिते, म्हणून लेखकाचे आभार मानायलाच हवेत. परंतु हिवाळ्यात गढूळ पाण्यातून पाईक हा गोड्या पाण्यातला शिकारी मासा ल्यूरने, म्हणजे कृत्रिम आमिषाने, पकडायचा असेल तर ‘सर्वांत भडक रंगाचे ल्यूर घ्यावे आणि ते झपाट्याने ओढावे’ हा त्यातील सल्ला निम्मा अपुरा आणि निम्मा चुकीचा आहे. मी पूर्व इंग्लंडमध्ये ईलीजवळ राहतो आणि गेले ११ हिवाळे तिथल्या कालव्यांवर गळ टाकतो आहे, त्या अनुभवावरून हे लिहितो.

हा सारा मुलूख म्हणजे सतराव्या शतकात कॉर्नेलिस व्हर्मायडेन या डच अभियंत्याच्या देखरेखीखाली कोरडी करायला घेतलेली दलदल. रेघ मारल्यासारखे सरळ कालवे, सपाट शेते आणि मधून वाहणारी ग्रेट ऊझ नदी. पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या, काळ्या मातीमुळे पाण्याला एरवीही कोऱ्या चहाचा रंग असतो, आणि जानेवारीत वरच्या अंगाला पाऊस झाला की चिकणमाती मिसळून त्याच चहात कोणी दूध ओतल्यासारखे दिसते. अशा दिवशी पांढरे ल्यूर काठीच्या टोकावरून खाली सोडले तर वीतभर बुडताच दिसेनासे होते. बरे, इथल्या नद्यांवर १५ मार्च ते १५ जून गळाने मासेमारी बंद असते, त्यामुळे ‘पाणी निवळल्यावर बघू’ म्हणत बसले तर पाईकचा हंगाम हातचा जातो.

पाईक हा दबा धरून बसणारा मासा. स्वच्छ पाण्यात तो डोळ्यांवर विसंबतो. पाणी गढूळले की मात्र अंगाच्या दोन्ही बाजूंनी जाणारी संवेदनरेषा आणि डोक्यावरची बारीक छिद्रे यांच्या साहाय्याने तो पाण्यातली हालचाल टिपतो. त्याच्या अमेरिकी भाऊबंदावर, मस्केलंजवर, झालेल्या प्रयोगांत दृष्टी नसलेल्या माशांनीही भक्ष्य पकडले होते. मात्र ते भक्ष्याच्या मागावर गेले नाहीत, ते अगदी जवळ येईपर्यंत थांबले आणि मग झडप घातली. माझ्या मते सगळी निवड या एका गोष्टीवरून ठरवावी. गढूळ पाण्यातला पाईक ल्यूरकडे येणार नाही, ल्यूरच त्याच्या तोंडापाशी न्यावे लागेल, आणि त्याला अंदाज घेऊन तोंड उघडायला वेळ मिळेल इतके संथ न्यावे लागेल. त्यात थंडीमुळे या शीतरक्ताच्या प्राण्याच्या शरीरातले सगळेच व्यवहार मंदावलेले असतात. झपाट्याने ओढलेले ल्यूर त्याच्यापुरते आलेच नाही असे समजावे.

म्हणून ल्यूर घेताना पहिला प्रश्न रंगाचा नसून ते मुंगीच्या पावलांनी ओढले तरी हलते का, हा असावा. सेफ्टी पिनसारख्या वाकवलेल्या तारेच्या एका टोकाला फिरते पाते आणि दुसऱ्या टोकाला झालरीचा गळ असलेले स्पिनरबेट मला सर्वांत भरवशाचे वाटते, पण पाते कोलोरॅडो पद्धतीचे, म्हणजे गोल आणि खोलगट हवे. ते संथ ओढीतही धपधप फिरते आणि तो ठोका काठीतून थेट हाताला जाणवतो. विलोच्या पानासारखे लांबट पाते चमकते छान, पण फिरण्यासाठी त्याला वेग लागतो. रबरी मासोळी घ्यायची तर १५ ते २० सेंटिमीटरची, रुंद शेपटीची आणि बोटांनी दाबून पाहता मऊ लागेल अशी घ्यावी, कारण थंडीत रबर ताठ होते आणि दुकानात झोकात हलणारी शेपटी दोन अंशांच्या पाण्यात काठीसारखी उभी राहते. पहिल्या हिवाळ्यात दुकानदाराच्या शब्दावर विसंबून मी अशा महागड्या मासोळ्यांचा अख्खा डबा घेतला होता, तो अजून माळ्यावर पडून आहे. आता नवे ल्यूर आधी पायाशी, काठालगतच्या पाण्यात ओढून पाहतो. शेपटी हलली नाही तर ते परत डब्यात जाते.

रंगाला महत्त्व नाही असे मी म्हणत नाही. पीटच्या पाण्यात निळा प्रकाश लवकर शोषला जातो, त्यामुळे निळे-रुपेरी ल्यूर तिथे मरगळलेले दिसते, तर झगझगीत नारिंगी किंवा पोपटी-पिवळे अधिक काळ दिसत राहते. पण आभाळ भरून आले असेल तर मी सरळ काळे ल्यूर लावतो. पाईकचे डोळे डोक्याच्या वरच्या बाजूस असतात आणि खालून पाहणाऱ्याला फिकट उजेडावर काळी आकृतीच ठळक दिसते. याच कारणाने ल्यूर तळाला घासत न नेता त्याच्या हातभर वरून न्यावे.

टाकण्याच्या पद्धतीविषयी लेखात काहीच नाही. एका जागी उभे राहून पंख्यासारखे, मीटरभर अंतर सोडत टाकत जावे, रिळाचे चार वेढे घ्यावेत, थांबावे, पुन्हा चार घ्यावेत. गेल्या जानेवारीत काठीच्या कड्यांत बर्फ धरत होते आणि मी दर दोन फेकींनंतर तो बोटांनी फोडत होतो. एकाच लव्हाळ्याच्या बेटापाशी नऊ वेळा टाकले, दहाव्या वेळी थांबल्या थांबल्या दोरी नुसती जड झाली, जणू शेवाळच अडकले. थंडीत हिसका बसत नाही. जडपणा जाणवला की काठी उचलावी.

आणखी दोन दुरुस्त्या. ‘४ अंशांखाली पाईक खात नाही’ हे विधान खरे नाही. फिनलंड-स्वीडनमध्ये गोठलेल्या तलावांच्या बर्फाला भोके पाडून लोक पाईक धरतातच. आणि छायाचित्राखाली त्याला ‘आपल्या मरळीचा सख्खा भाऊ’ म्हटले आहे. दबा धरण्याची सवय सारखी असली तरी नाते काही नाही. मरळ पृष्ठभागावर येऊन हवा घेते, पाईक केवळ कल्ल्यांनी श्वास घेतो, म्हणून सोडून देण्याचा पाईक पाण्याबाहेर मरळीच्या हिशेबाने ठेवू नये. गळ काढण्यापुरते त्याला ओल्या चटईवर घ्यावे, हिमाने कडक झालेल्या गवतावर ठेवू नये, आणि दातांनी दोरी तुटून गळ त्याच्या तोंडात राहू नये म्हणून ल्यूरच्या पुढे हातभर तरी तार लावलेली असावी. लेखातल्या छायाचित्रात ती तार दिसत नाही.

आपला,
एक वाचक
ईली, इंग्लंड