‘पॅनिक’ म्हणजे नुसती भीती नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘पॅनिक’ हा शब्द मराठीत आता चांगलाच मुरला आहे. बातम्यांत तो भीती, धास्ती, दहशत, घबराट यांपैकी कशासाठीही वापरला जातो. शब्द परका आहे ही आमची तक्रार नाही. त्याचा नेमका अर्थ सुटला की बातमीतली माहितीही चुकते, म्हणून हे पत्र.

इंग्रजीत हा शब्द इ.स. 1600च्या सुमारास फ्रेंचमधून विशेषण म्हणून आला. मूळ ग्रीक ‘पानिकॉन’, म्हणजे पान या देवाकडून आलेले. पान हा ग्रीसमधल्या आर्केडियाच्या डोंगराळ मुलखातला मेंढपाळांचा देव. त्याचे पाय बोकडाचे आणि डोक्यावर शिंगे. रानात एकट्यादुकट्याला किंवा चरणाऱ्या कळपाला काही दिसत नसतानाही एकाएकी धडकी भरे, ती त्याची करणी मानत. ‘पॅन म्हणजे सर्व, म्हणून पॅनिक म्हणजे सर्वांना वाटणारी भीती’ ही व्युत्पत्ती हमखास छापली जाते. ती चुकीची आहे. पॅन्डेमिकमधला ‘पॅन’ वेगळा. देवाच्या नावाचे मूळ भाषाशास्त्रज्ञ ‘राखणे, चारणे’ या अर्थाच्या धातूत शोधतात, म्हणजे आपल्या ‘गोप’मधल्या ‘पा’च्या गोतात. काहींनी तर त्याचे नाते गुरे राखणाऱ्या, बोकडांच्या रथातून फिरणाऱ्या वैदिक पूषनाशी जोडले आहे; ते सर्वांना मान्य नाही.

अर्थाचा गाभा सापडतो तो ग्रीक सैन्याच्या छावण्यांत. अंधारात कुणीतरी ओरडतो, शेजारचा दचकून उठतो, आणि शत्रू नसतानाच फौज उधळते. इ.स.पू. 279मध्ये डेल्फी या ग्रीक तीर्थस्थानावर चालून गेलेले गॉल टोळीवाले रात्री असेच बिथरले आणि एकमेकांनाच कापत सुटले, असे प्राचीन ग्रीक प्रवासलेखक पौसेनियस सांगतो. वेढ्याच्या युद्धावर लिहिणाऱ्या एनिअस टॅक्टिकसने इ.स.पू. चौथ्या शतकात यावर उपायच नोंदवले आहेत. सर्वांना दिसेल अशा जागी जाळ करण्याची खूण आधी ठरवावी. गलका उठला की प्रत्येकाने जागा न सोडता ‘हे पॅनिक आहे’ असे ओरडावे, ऐकणाऱ्याने ते पुढच्याला सांगावे. एका सेनानीचा हुकूम असा होता, की शस्त्र हाती घेऊन अंथरुणातच उठून बसायचे; उभा दिसेल तो शत्रू समजला जाईल. इ.स.पू. 401मध्ये छावणीत अशीच घबराट उठली तेव्हा ग्रीक सेनानी क्लेआर्कसने याहून साधी युक्ती केली. छावणीत गाढव सोडणाऱ्याचे नाव सांगेल त्याला एक टॅलेंट (हे ग्रीक वजन) चांदी, अशी दवंडी त्याने पिटवली. आपली भीती पोकळ होती आणि सरदार सुखरूप आहेत, हे त्यावरून सैनिकांना कळले. हे सारे उपाय भीतीची साखळी तोडण्याचे आहेत. शौर्याचे आवाहन एकातही नाही.

अर्थव्यवहारात मात्र शब्दाने वेगळे वळण घेतले. अमेरिकेतल्या 1837, 1873 आणि 1907च्या बँकसंकटांना ‘पॅनिक’च म्हणतात. बँक ठेवींचा थोडा भाग रोख ठेवते, उरलेला कर्जाऊ देते. सगळे ठेवीदार एकाच दिवशी दारात आले, तर धडधाकट बँकही पैसे देऊ शकत नाही. प्रत्येकाचे धावणे त्याच्यापुरते शहाणपणाचे असते, पण सगळे मिळून बँक बुडवतात. इथे भीतीच आपले कारण निर्माण करते.

वैद्यकातला अर्थ अधिक काटेकोर आहे. ‘पॅनिक डिसऑर्डर’ हे निदान अमेरिकी मनोविकार संघटनेच्या नियमपुस्तिकेत 1980मध्ये स्वतंत्रपणे आले. धडधड, घाम, कापरे, गुदमरणे, मरणाची भीती अशा तेरा लक्षणांपैकी किमान चार एकदम येऊन काही मिनिटांत शिगेला पोहोचली, तर तो ‘पॅनिक अटॅक’. परीक्षेची किंवा भाषणाची नुसती धाकधूक म्हणजे अटॅक नव्हे. एकच अटॅक आला म्हणून विकार जडला असेही नाही. त्यासाठी अनपेक्षित अटॅक पुन्हा पुन्हा यावे लागतात आणि पुढच्या अटॅकची चिंता किंवा त्यापायी वागण्यातला बदल किमान महिनाभर टिकावा लागतो.

सर्वांत घातक चूक गर्दीच्या दुर्घटनांच्या बातम्यांत होते. आग लागली आणि लोक बाहेर पळाले, तर ते पॅनिक नाही. पळणेच योग्य होते. खऱ्या संकटात बेभान पळापळ क्वचितच होते, हे समाजशास्त्रज्ञ क्वारांटेली यांनी 1950च्या दशकापासून दाखवून दिले. चौरस मीटरमागे सहासात माणसे झाली की गर्दी पाण्यासारखी हेलकावते. मागच्यांना पुढचे दिसत नाही, आणि माणसे दाबाने श्वास कोंडून मरतात. यात कुणी घाबरलेले असण्याचीही गरज नाही. अशा वेळी ‘पॅनिकमुळे चेंगराचेंगरी’ असा मथळा दिला, की दोष मेलेल्यांवर जातो आणि अरुंद वाट, बंद दार, नियोजन यांवरचा प्रश्न विचारलाच जात नाही.

आपल्याकडे शब्द कमी नाहीत. धोका समोर असेल तर भीती, मुद्दाम घातलेली ती दहशत, मनात घर करून राहतो तो धसका. कारण न दिसता कळप बिथरतो त्याला आपण बुजणे, उधळणे म्हणतो, आणि तेच पानचे मूळ क्षेत्र. नुसत्या आवईने माणसे पळाली असतील, तर ‘आवई उठली, लोक उधळले’ असे लिहावे. पण आवई होती हे आधी तपासून.

आपले,
भाषेचे अभ्यासक