लॅबमधल्या काकांना, ३४२ ग्रॅम साखरेबद्दल

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या निरोपसमारंभात बोलले ते सगळे प्राध्यापक. एखाद्या विद्यार्थ्यालाही बोलू द्यावं, असं कुणाला सुचलं नाही. मला बोलायचं होतं, म्हणून हे पत्र. तेही उघडपणे, कारण तुम्ही काय केलंत ते चारचौघांना कळायला हवं.

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आले तरी मोल, म्हणजे रसायनशास्त्रात पदार्थ किती आहे ते मोजायचं एकक, नेमकं काय ते मला कळलेलं नव्हतं. अकरावी-बारावीला क्लास लावला होता. त्याची फी वडिलांनी कशी उभी केली ते मी पाहिलंय. तिथे फक्त सूत्र मिळालं, वस्तुमान भागिले रेणुवस्तुमान. भागायचं कशासाठी असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "हे बेसिक आहे, एवढं यायलाच हवं." बेसिक आहे म्हणूनच नीट शिकवायला हवं, हे त्या सरांना कधी वाटलं नाही. माझा राग अजून गेलेला नाही. माझ्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीने त्या एका धड्याच्या धास्तीने सायन्सच सोडलं.

तुम्ही तर शिक्षकही नव्हता. द्रावणं करून ठेवायची, ब्युरेट तपासायचे, फुटलेल्या काचा उचलायच्या, हे तुमचं काम. टायट्रेशनचा प्रयोग संपवून मी मोलॅरिटीच्या, म्हणजे एक लिटर द्रावणात किती मोल आहेत या गणितापुढे अडून बसले होते, तेव्हा तुम्ही विचारलंत, "एक मोल पाणी कधी बघितलंयस का गं?" आणि मेजरिंग सिलिंडरमध्ये १८ मिलिलिटर पाणी भरून माझ्या हातात दिलंत. जेमतेम घोटभर.

दुसऱ्या दिवशी टेबलावर मांडामांड केलेली होती. ५६ ग्रॅम लोहकीस, ३२ ग्रॅम गंधक, आणि वर्तमानपत्राच्या कागदावर ३४२ ग्रॅम साखर. ढीग केवढे लहानमोठे! तरी साखरेत जितके रेणू तितकेच त्या घोटभर पाण्यात, आणि लोखंडाचे, गंधकाचे अणूही तितकेच: ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात, म्हणजेच एक मोल. "एकसारख्या नाण्यांची रास कोण मोजत बसतं? एकाचं वजन ठाऊक असलं की तराजूच मोजून देतो," तुम्ही म्हणालात. मग विचारलंत, लोखंड आणि गंधक दोन्ही ५६-५६ ग्रॅम घेऊन तापवलं तर काय उरेल? उत्तर माझ्या तोंडून आपसूक आलं. २४ ग्रॅम गंधक. अणूला अणू लागतो, ग्रॅमला ग्रॅम नव्हे. त्या दिवसापासून समीकरणातल्या आकड्यांमागे मला खऱ्या वस्तू दिसायला लागल्या.

पण काका, मनात घर करून राहिली ती साखर. लॅबच्या मालाचा हिशोब द्यावा लागतो म्हणून तुम्ही ती घरून आणली होती. लॅबमध्ये आलेली खायची वस्तू पुन्हा खायची नाही, हा नियम आम्हाला पहिल्याच दिवशी तुम्हीच सांगितला होता. म्हणजे ती परत घरी जाणार नाही हे माहीत असूनच आणलीत, आणि काम झाल्यावर निमूटपणे सिंकमध्ये ओतलीत. पाव किलोहून जास्त साखर, एका परक्या मुलीला एक आकडा डोळ्यांनी दिसावा म्हणून. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पाहणारंही नव्हतं.

नंतर मी आव्होगाद्रोबद्दल वाचलं, तो मोलचा आकडा ज्याच्या नावाने ओळखतात त्या इटालियन शास्त्रज्ञाबद्दल. तापमान आणि दाब सारखा असेल तर सारख्या आकारमानाच्या वायूंत रेणूही सारखेच असतात, हे त्याने १८११ मध्ये मांडलं. १८५६ मध्ये तो वारला, तोवर फारसं कुणी मनावर घेतलं नव्हतं. १८६० मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूहला भरलेल्या रसायनशास्त्रज्ञांच्या परिषदेत कॅनिझारो या इटालियन रसायनशास्त्रज्ञाने तेच नीट उलगडून सांगितलं, त्याची पुस्तिका तिथे वाटली गेली, आणि मग अणुभारांचा घोळ सुटत गेला. भल्याभल्या रसायनशास्त्रज्ञांनाही समजावणारं माणूस लागलं! मग अकरावीतल्या पोरांना "एवढंही येत नाही?" म्हणून का हिणवायचं? तुमच्यासारखी माणसं कितीतरी कॉलेजांत असतील. त्यांचं नाव ना वेळापत्रकात असतं ना निकालाच्या जाहिरातीत, पण कुणाचं तरी शिक्षण त्यांच्यामुळेच टिकतं.

दुसऱ्या वर्षाला मी केमिस्ट्री घेतली आहे. परवा त्या मैत्रिणीला समोर बसवून लोखंड-गंधकाचं गणित घातलं. तिला ते आलं. पुढचे धडे कधी, असं तिनेच विचारलंय.

काकूंना नमस्कार सांगा.

तुमची,
प्रॅक्टिकलच्या शेवटच्या बॅचमधली एक विद्यार्थिनी