विणीच्या हंगामात पाणी वाचायला शिकवणाऱ्या काकांस जाहीर आभारपत्र

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

बर्फ वितळून तळी मोकळी होतात तेव्हापासून उन्हाळा लागेपर्यंतच्या दिवसांत आपण मला तळ्यांवर आणि नद्यांवर सोबत नेले, गळ टाकण्याआधी पाणी पाहण्याची सवय लावली आणि माझ्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर काठावर उभे राहून, प्रत्यक्ष दाखवून दिले. समोरासमोर आभार मानू लागलो की आपण विषय बदलता, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

मासेमारीला कधी निघायचे हे दिनदर्शिकेवरून ठरवू नये, थर्मामीटर पाण्यात बुडवून ठरवावे, ही आपली पहिली शिकवण. पाणी ४ अंश सेल्सियसला सर्वांत जड असते, त्यामुळे हिवाळाभर तेच तळाशी बसून राहते. वसंतात वरचे पाणीही तापत तापत ४ अंशांवर आले की वरच्या आणि खालच्या पाण्यातला भेद मिटतो, वारा सारे तळे ढवळून काढतो आणि प्राणवायू तळापर्यंत पोहोचतो, हे आपण समजावले तेव्हा एखादे तळे काही दिवसांत अचानक जागे झाल्यासारखे का वाटते याचा उलगडा मला झाला. त्यानंतर उथळ, काळ्या चिखलाच्या तळाच्या खाचा आधी तापतात आणि उत्तर गोलार्धात उत्तरेकडचा काठ अधिक ऊन घेतो, म्हणून दुपार कलल्यावर तिथेच बसायचे. माशाच्या शरीराचे तापमान पाण्याबरोबर बदलते. थंड पाण्यात त्याचे पचन मंदावते आणि तो आमिषाच्या मागे धावत नाही. तेव्हा आमिष लहान असावे, रीळ सावकाश फिरवावे आणि मधूनमधून हात पूर्ण थांबवावा. हे थांबणे मला फार जड जात असे. आपण मात्र एकदाही घाई केली नाहीत.

परंतु ज्यासाठी मी आपला खरा ऋणी आहे ती गोष्ट वेगळी आहे. वसंत हा थंड प्रदेशांतल्या बहुतेक गोड्या पाण्यातल्या माशांच्या विणीचा हंगाम, आणि नेमक्या त्याच काळात ते काठाजवळ, हाताशी येतात. बर्फ हटताच पाइक बुडालेल्या गवतात अंडी घालतो. पुढे पर्चची मादी पाण्यातल्या फांद्यांवर अंड्यांची लांब, जाळीदार फीत पसरते. पाणी १५ ते १८ अंशांच्या आसपास आले की बासचा नर तळ साफ करून घरटे करतो, आणि त्याहून ऊब वाढली की कार्पचे थवे उथळ पाणी घुसळू लागतात. घरट्यावरचा बास भुकेने गळ पकडत नाही, जवळ येईल त्यावर तो पिलांच्या रक्षणासाठी तुटून पडतो. त्याला धरून लगेच सोडले तरी तेवढ्या वेळात ब्लूगिलसारखे लहान मासे अंड्यांवर ताव मारतात. एकदा स्वच्छ पाण्यात घरट्यावर घिरट्या घालणारा मोठा नर मला दाखवून आपण म्हणालात, “हा बघून घे आणि पुढे चल.” एवढा सहज मिळणारा मासा सोडून पुढे जाण्यात काय समाधान असते, हे मला आपल्यामुळे कळले. नदीतही तसेच: वसंतात विणारा इंद्रधनुषी ट्राउट शेपटीने गोटे उलथून खळगा करतो, तो भाग आजूबाजूच्या शेवाळलेल्या तळापेक्षा उजळ दिसतो, आणि तिथे पाऊल पडले तर गोट्यांखालची अंडी चिरडतात. हे उजळ पट्टे ओळखल्याशिवाय आपण मला पाण्यात उतरूच दिले नाहीत.

गळाला लागलेला मासा कसा हाताळावा हेही आपलेच देणे. हात आधी ओले करावेत, कारण कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि माशाला रोग जडण्याची भीती वाढते; गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकावा; गळ खोल गिळला असेल तर ओढाताण न करता तोंडाजवळ तंगूस कापावा. गाभोळीने फुगलेली मादी तर जाळीतच, पाण्याबाहेर न काढता सोडायची. तंगुसाला बांधायची वजने शिशाची नसावीत, हा आपला कटाक्षही मी पाळतो. पडलेले शिसे गिळून हंस मरत होते म्हणून इंग्लंड आणि वेल्समध्ये १९८७ साली अशा बहुतेक वजनांवर बंदी आली. कथील आणि टंगस्टन यांची वजने आज सहज मिळत असताना शिसे वापरण्याला काही कारण उरलेले नाही, असे माझेही ठाम मत झाले आहे.

सुरक्षिततेविषयी आपण कधी सवलत दिली नाहीत. हवा उबदार असली तरी वसंतातले पाणी हाडे गोठवणारे असते, त्यात पडल्यावर काही मिनिटांत हातपाय बधिर होतात, म्हणून होडीत जीवरक्षक जाकीट घालूनच बसायचे. आणि वितळत्या बर्फाच्या नदीला उन्हाच्या दिवशी उशिरा पाणी चढते, म्हणून पलीकडे जाताना परतीची वेळ आधी ठरवायची.

एक विनंती आहे. पाण्याचे तापमान, वारा, पाण्याची पातळी आणि कोणता मासा कुठे विणताना दिसला यांच्या नोंदींची जी वही आपण इतकी वर्षे ठेवली आहे, ती माझ्या हाताने उतरवून नव्याने शिकणाऱ्यांना द्यावी अशी इच्छा आहे. विणीच्या जागा नेमक्या कोणत्या, हे त्यातून वगळूनच लिहीन. आपण होकार दिलात तर पुढच्या आठवड्यापासून कामाला लागतो.

आपला ऋणी,
एक शिष्य