मेडिकलच्या गाळ्याविषयी

मुंबई

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

बाबा, बाजारपेठेतल्या गाळ्याचं तुम्ही फोनवर बोललात तेव्हा मी लोकलमध्ये होते, अर्धं ऐकूच आलं नाही. म्हणून लिहिते. मेडिकल टाकण्यात कमीपणा नाही. पण बी.फार्म.वर लायसन्स मिळत होतं, तर एम.फार्म.ला हे इम्युनॉलॉजी-बायोटेक्नॉलॉजीचं खूळ कशाला, असं तुमचं म्हणणं.

इन्सुलिन सुरू करायच्या वेळी आठवतंय ना? ‘माळकऱ्यानं कुठल्या जनावराचं औषध टोचून घ्यायचं’ म्हणत डॉक्टरांना किती टोलवलंत! शंका खुळी नव्हती. एके काळी इन्सुलिन डुकरांच्या नि गुरांच्या स्वादुपिंडातूनच काढत. मग माणसाच्या इन्सुलिनचं जनुक ई. कोलाय नावाच्या जिवाणूत घालून त्याच्याकडूनच ते बनवून घ्यायला लागले. 1982 साली अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. हल्ली मिळतं ते असंच, जिवाणूंनी नाहीतर यीस्टनं केलेलं. हीच ती बायोटेक्नॉलॉजी. तुमच्या माळेला काही होत नाही.

आई, तुला घोड्यांचं सांगते. वाडीत कुणाला फुरसं चावलं की दवाखान्यात जे औषध चढवतात, ते घोड्याच्या रक्तातलं. घोड्याला विष थोडं थोडं, मात्रा वाढवत टोचतात. त्याच्या अंगात विषाला भिडणारी प्रतिपिंडं तयार होतात, ती काढून शुद्ध करून कुपीत भरतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांवर एकच कुपी. पण घोड्याची प्रथिनं प्रत्येकाला सोसतातच असं नाही. कुणाला पुरळ उठतं, कुणाचा रक्तदाब एकदम घसरतो, म्हणून डॉक्टर अ‍ॅड्रेनलिन हाताशी ठेवतात. कोलर आणि मिलस्टाइन या शास्त्रज्ञांनी 1975 मध्ये पेशींकडून एकाच जातीची प्रतिपिंडं हवी तेवढी करून घ्यायची वाट दाखवली. त्या वाटेनं जाऊन घोड्याशिवाय सापाचं औषध करता येईल का, यावर आता काम चाललंय. मला त्यात शिरायचंय, बाबा. काउंटरवर बसून ते होणार नाही.

सध्या मात्र एलायझाच चालू आहे, म्हणजे नमुन्यात प्रतिपिंडं आहेत का, हे रंगावरून ओळखायची चाचणी. हाताएवढी प्लास्टिकची प्लेट, तिच्यात 96 वेल्स, म्हणजे बारीक खळगे. पिपेटनं भरा, थांबा, धुवा, पुन्हा भरा. शेवटी निळा रंग चढतो आणि अ‍ॅसिड घातलं की पिवळाधमक होतो. धुण्यात हयगय झाली तर जिथे रंग यायला नको तिथेही येतो, आणि मॅडमना ते लांबूनच दिसतं.

परळला हाफकिन संस्थेवरून जाणं होतं. त्या हाफकिनसाहेबानं 1897 साली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. आम्हाला तसलं काही करावं लागत नाही, आई, उगाच काळजी करू नकोस.

तेव्हा बाबा, गाळ्याचा बयाणा देऊ नका. दिला असेल तर काकांना सांगून परत मागा, ते ओळखीचेच आहेत. आणि इन्सुलिन बर्फाच्या कप्प्याला टेकवून ठेवू नका, गोठलं की फेकावं लागतं. गणपतीला आले की फ्रिज उघडून बघणार आहे.

तुमची,
बाय